गरोदरपणात व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन : कुणी केलंय का?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सहावा महिना चालू आहे. पहिल्या वेळी डाव्या पोटरीवर निळ्या रेषा उमटल्या होत्या, बाळंतपणानंतर त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. या वेळी मात्र तिसऱ्या महिन्यापासूनच मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत आणि तिथून पुढे पोटरीवर जाड, वेड्यावाकड्या शिरा फुगून वर आल्यात. संध्याकाळ झाली की पाय शिसं भरल्यागत जड होतो, घोट्याजवळ सूज, वर खाज.

डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) झालं. मांडीतल्या वरवरच्या मुख्य शिरेच्या झडपा नीट मिटत नाहीत, खोल शिरांमध्ये गुठळी नाही, असं रिपोर्ट म्हणतो. माझ्या डॉक्टर बाई म्हणाल्या, मोजे घाला, पाय वर ठेवा, बाकी बाळंतपणानंतर बघू. इथवर ठीक होतं. पण नात्यातल्या एक वहिनी लेझर करून आल्यात (त्या गरोदर नव्हत्या) आणि भेटल्या की त्यांचं एकच, "अगं, तासाभराचं काम, भूलसुद्धा जागेपुरती. उगाच काय सोसत बसतेस?"

तर प्रश्न असे. जागेपुरत्या भुलीत होत असेल तर गरोदरपणात का करत नाहीत? इथे कुणी केलंय का? आणि "नंतर बघू" म्हणजे नेमकं कधी?

मुक्कामपोस्ट

रुमाल टाकून ठेवते. सातवा महिना, दोन्ही पाय. बाकी तुझंच सगळं वर्णन मला लागू.

कापूसकोंड्या

ऑपरेशन होवो न होवो, धागा तर घातला गेला. (हलके घ्या. बायकोसाठी वाचतोय, ती झोपलीये.)

रानजाई

चांदणवेल, पोटात वजन वाढलं की पायाच्या शिरा दाबल्या जातात, एवढंच आहे ते. वजन उतरलं की शिरा उतरतात. घाबरू नकोस.

टाकेवाला

रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, रिपोर्टही पाठवू नका. "का करत नाहीत" एवढ्यापुरतं लिहितो.

आधी रानजाईंना एक दुरुस्ती. नुसत्या वजनाचा खेळ असता तर शिरा आठव्या-नवव्या महिन्यात फुगल्या असत्या. चांदणवेल यांना तिसऱ्या महिन्यातच दिसल्या, आणि तसं बऱ्याच जणींना होतं. तेव्हा गर्भाशय जेमतेम ओटीपोटाच्या वर आलेलं असतं. सुरुवात करतं ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. त्याने शिरांच्या भिंती सैलावतात. शिवाय अंगातलं रक्त हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. गर्भाशयाचा दाब त्यानंतर येतो आणि असलेलं वाढवतो.

शीर ताणली गेली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत आणि वर चढलेलं रक्त परत खाली घसरतं. पण झडप कायमची गेलेली असतेच असं नाही. बाळंतपणानंतर संप्रेरकं उतरतात, जादा रक्त उतरतं, पोटातला दाब जातो, आणि काही झडपा पुन्हा मिटू लागतात. आज डॉपलरमध्ये नापास झालेली शीर सहा महिन्यांनी पास होऊ शकते. जी कदाचित आपोआप सुधारणार आहे ती आज जाळून बंद करायची का?

दुसरी गोष्ट गुठळीची. गरोदरपणात रक्त सहज गोठतं. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आवरावा म्हणून शरीरानेच केलेली ही तयारी. पण तिच्यामुळे खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट होतो. आता लेझर घ्या, रेडिओफ्रीक्वेन्सी (शीर आतून तापवून बंद करणं) घ्या, फोम (शिरेत फेसाळ औषध टोचणं) घ्या, की शीर उपसून काढायची जुनी शस्त्रक्रिया घ्या. प्रत्येकात आपण एका शिरेला मुद्दाम इजा करून ती बंद पाडतो, आणि तेही बहुतेक वेळा जांघेत, जिथे ती खोल शिरेला मिळते त्याच्या अगदी जवळ.

"जागेपुरती भूल" ऐकायला चिमूटभर वाटते. लेझरमध्ये शिरेभोवती लिग्नोकेन हे भुलीचं औषध आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं सलाईन भरपूर भरावं लागतं, मांडीभर. फोमचं औषध वार ओलांडून बाळापर्यंत जाणार नाही अशी हमी देता येत नाही. आणि दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपवलं की गर्भाशय पाठीच्या कण्याशी असलेल्या महाशिरेवर दाबतं, रक्तदाब पडतो. यातली एकेक गोष्ट सांभाळता येईलही. पण सांभाळायची कशासाठी? जीव धोक्यात नाही, पाय जायचा नाही, चार-सहा महिने थांबल्याने शिरेचं बहुधा काही बिघडत नाही.

म्हणून ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१३ साली व्हेरिकोज व्हेन्सवर ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात सरळ लिहिलंय की अपवादात्मक परिस्थिती सोडून गरोदरपणात शिरेवर कसलीही प्रक्रिया करू नये. पाय सुजत असतील तर दाब देणाऱ्या मोज्यांचा विचार करावा. अपवाद कुठले ते सवडीने लिहितो.

मुक्कामपोस्ट

टाकेवाला, सलाईन मांडीभर भरतात हे वाचून माझा उत्साह तिथेच मावळला.

स्पष्टवक्ती

डॉक्टरसाहेबांचं सगळं पटलं, तरी माझी एक तक्रार आहे आणि ती मी मांडणारच.

पहिल्या बाळंतपणात मला हेच सांगितलं, नंतर बघू. बाळंतपण झालं. दाखवायला गेले तर म्हणाले, अजून शरीर पूर्वपदावर यायचंय, दूध पाजणं संपू दे. दूध संपलं तेव्हा, "आता दुसरं होणारच ना? मग ते झाल्यावर एकदाच करू." तोवर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडून टणक झाली होती. रोज उभं राहून काम करणाऱ्या बाईला हा काय सल्ला झाला? बाईचं दुखणं नेहमी कशाच्या तरी नंतर. आणि ते "नंतर" कधी येतं ते कुणी तारीख घालून सांगत नाही.

गरोदरपणात चाकू नको, मान्य. पण त्याआड सगळं पुढे ढकलू नका.

पाटीपेन्सिल

स्पष्टवक्तींना +१००. घोट्यापाशी खाज सुटली तर मलाही "कोरडी त्वचा" म्हणून मलम दिलं होतं. शिरांचं नावही कुणी काढलं नव्हतं.

टाकेवाला

स्पष्टवक्ती, तुमची तक्रार रास्त आहे. आमच्याही व्यवसायात "सगळी बाळंतपणं होऊ द्या, मग हात लावू" असं म्हणायची रीत होती, काही जण अजून म्हणतात. त्यामागचा विचार असा, की पुढच्या गरोदरपणात नव्या शिरा फुगतील आणि केलेलं वाया जाईल. नव्या शिरा फुगू शकतात हे खरं आहे. पण लेझरने नीट बंद झालेली मुख्य शीर बहुतेकदा बंदच राहते. त्रास असेल, डॉपलरमध्ये रक्त उलटं येताना दिसत असेल, तर पुढच्या मुलाची वाट बघत थांबायलाच हवं असा नियम नाही. कातडी तपकिरी पडणं, टणक होणं, इसब, घोट्याच्या आतल्या अंगाला जखम भरून न येणं, यातलं काही असेल तर "नंतर" म्हणणं मला पटत नाही.

चांदणवेल, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच येतं. शिरा आकसायच्या असतील तर बऱ्याचशा पहिल्या तीन-चार महिन्यांत आकसतात, काही वर्षभर घेतात. बाळंतपणानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांत पुन्हा डॉपलर करायचं, आणि ते उभं राहून करून घ्यायचं. आडवं झोपवून केलं तर रक्ताचं उलटं येणं नीट दिसत नाही. निर्णय त्या डॉपलरवर, आत्ताच्या नाही. दूध पाजत असतानाही लेझर होऊ शकतं, जागेपुरत्या भुलीसाठी लिग्नोकेन दूध पाजणाऱ्या आईला चालतं. फोमच्या औषधाबद्दल मात्र बहुतेक जण दूध सुटेपर्यंत थांबतात.

निनावी_पाहुणी

या धाग्यासाठी नवीन आयडी घेतलाय, कारण विषयच तसा आहे. इथे सगळे पोटऱ्या आणि मांड्यांबद्दल लिहितायत. माझ्या शिरा योनीच्या बाहेरच्या ओठांवर आल्या होत्या. दुसऱ्या बाळंतपणात, पाचव्या महिन्यापासून. चालताना खाली काहीतरी उतरतंय असं वाटायचं, उभं राहिलं की ठणका. मला वाटायचं हे फक्त मलाच झालंय. नवऱ्यालाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. तपासणीला गेल्यावर डॉक्टर बाईंनी बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हो, होतं असं, पुष्कळ जणींना." ते एक वाक्य ऐकून मी तिथेच रडले.

काय केलं : खालून आधार देणारा पट्टा, गार पट्टी कापडात गुंडाळून थोडा वेळ, डाव्या कुशीवर झोपणं, शौचाला जोर न करणं. ऑपरेशनचं मीच विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. नॉर्मल डिलिव्हरी झाली, शिरांना काही झालं नाही. काही आठवड्यांत सगळं बसलं.

कुणी लाजून गप्प असेल तर त्यांच्यासाठी लिहिलं. मला प्रतिसाद नाही दिलात तरी चालेल.

चांदणवेल

प्रतिसाद देणारच. मला खालच्या बाजूला जो जडपणा जाणवतो तो काय आहे ते आत्ता कळलं. पुढच्या तपासणीत विचारते. खूप आभार.

मुक्कामपोस्ट

निनावी, तुझा प्रतिसाद इथल्या सगळ्यांत कामाचा आहे.

टाकेवाला

निनावी_पाहुणींनी लिहिलंय त्यात मला बदलण्यासारखं काही नाही. या शिरांसाठी सिझेरियन करावं लागत नाही. बाळंतपणानंतरही महिनोन्‌महिने राहिल्या, किंवा ओटीपोटात उभं राहिलं की दुखणं, संबंधानंतर दुखणं असं चालू राहिलं, तर ओटीपोटातल्या, अंडाशयाच्या शिरा तपासाव्या लागतात. त्यांच्यावर आतून, नळीवाटे उपाय करता येतो. तोही बाळंतपणानंतरच.

कापूसकोंड्या

बायको उठली, तिने वाचलं. तिचा प्रश्न : मोजे कुठले, आणि ते चढवायचे कसे? आम्ही दोघांनी मिळून काल प्रयत्न केला. एक मोजा, दोन माणसं, सोफ्यावर कुस्ती. मोजा जिंकला.

पाटीपेन्सिल

रबरी हातमोजे! भांडी घासायचे असतात ते घालून चढवा, बोटांना पकड मिळते आणि नखांनी मोजा फाटत नाही. आधी मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आणि टाच बरोबर बसवायची, मग तळहातांनी थोडा थोडा वर सरकवायचा. वरची कड धरून ओढायचा नाही, नाहीतर वर घट्ट आणि खाली ढगळ होतो. वळी पडली तर तिथे दोरी बांधल्यासारखा दाब येतो.

आणि सकाळी, पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी. एकदा उभं राहून पाय भरला की मग कुस्तीच.

रानजाई

मी तर म्हणते मोजे म्हणजे शिक्षा. उकाड्यात नऊ महिने? त्यापेक्षा शिरा परवडल्या.

पाटीपेन्सिल

रानजाई, संध्याकाळी पाय हलका वाटणं हे बक्षीसही आहेच की. मी न घालता एक दिवस काढून बघितला, दुसऱ्या दिवशी स्वतःहून घातले.

टाकेवाला

मोज्यांबद्दल थोडं. माप घोटा, पोटरी आणि गरज पडल्यास मांडी मोजून घ्यावं, तेही सकाळी, सूज नसताना. मोज्यांच्या दाबाचे वर्ग असतात. युरोपात जास्त चालणाऱ्या मोजणीत पहिल्या वर्गाचा दाब घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटर पारा असतो, दुसऱ्याचा २३ ते ३२. कुठला घ्यायचा ते तपासणाऱ्याने ठरवावं. पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल तर घट्ट मोजा नुकसान करतो, म्हणून आधी पावलावरची नाडी बघायची असते. रात्री झोपताना काढावेत.

मोजे घातले म्हणून नव्या शिरा फुगायच्या थांबतात असा ठोस पुरावा नाही. जडपणा आणि सूज कमी होते, एवढं त्यांचं काम. एवढ्यासाठीही ते घालण्यासारखे आहेत असं माझं मत. रानजाई, न झेपणाऱ्या दिवशी नका घालू. थंड पाण्यात गळ्याएवढं उभं राहून चाललं तरी पाण्याच्या दाबाने सूज उतरते, पोहण्याचा तलाव जवळ असेल तर.

आजोबा_ऑनलाइन

विषयांतराची परवानगी घेऊन. प्राचीन रोमचा सेनापती गायस मारियस याला दोन्ही पायांत अशाच गाठाळ शिरा होत्या. त्या काळी भूल नव्हती, रोग्याला बांधून कापत. या गृहस्थाने बांधून घ्यायला नकार दिला, हूं की चूं न करता एक पाय कापू दिला आणि वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा म्हणाला, एवढ्या वेदनेच्या मानाने हा गुण काही मोलाचा नाही. दुसरा पाय तसाच राहिला.

स्पष्टवक्ती

आजोबा, त्याला दुसऱ्या पायासाठी "नंतर बघू" म्हणायची मुभा होती. स्वतःच म्हणाला, हा फरक आहे.

कापूसकोंड्या

बायको म्हणते, मारियसने मोजा चढवून दाखवावा.

सावलीतलं_ऊन

हा धागा हसण्यावारी जायच्या आत माझा अनुभव लिहिते. टाकेवाला यांनी "अपवाद" म्हटलंय, त्यातल्या एकाच्या अगदी जवळून मी गेलेय.

सातव्या महिन्यात मांडीच्या आतल्या बाजूची शीर एका रात्रीत लाल, कडक आणि गरम झाली. हात लावला तर दोरीसारखी. मला वाटलं सूज आहे, मालिश केली की उतरेल. नशिबाने सासूबाईंनी हात लावू दिला नाही, म्हणाल्या आधी दाखव. डॉपलरमध्ये वरवरच्या शिरेतच गुठळी निघाली, पण ती वर जांघेच्या दिशेने सरकत होती. त्या दिवशी सर्जननी दोन पर्याय समोर ठेवले : हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं, किंवा जांघेत छोटा छेद देऊन शीर खोल शिरेला मिळते तिथे बांधून टाकणं. इंजेक्शनं आधी करू आणि लगेच पुन्हा डॉपलर करून बघू, गुठळी पुढे सरकली तर दुसरा विचार, असं ठरलं. सरकली नाही. इंजेक्शनं बाळंतपणानंतरही साधारण सहा आठवडे चालू होती. पोटावर स्वतः टोचायला शिकले. पहिल्यांदा हात थरथरला, नंतर मी मालिका बघत टोचायचे.

ऑपरेशन झालं नाही, पण त्या दिवशी ते झालं असतं तरी मला गैर वाटलं नसतं.

मुक्कामपोस्ट

हेपॅरिनने बाळाला काही होत नाही का? आणि रक्त पातळ असताना डिलिव्हरी?

टाकेवाला

गरोदरपणात जे हेपॅरिन देतात ते वार ओलांडत नाही, म्हणूनच ते देतात. तोंडाने घ्यायचं वॉर्फरिन ओलांडतं, म्हणून ते टाळतात. डिलिव्हरीचा बेत मात्र आधी आखावा लागतो. कण्यात भूल द्यायची तर शेवटच्या इंजेक्शननंतर अंतर ठेवावं लागतं, प्रतिबंधक मात्रेला १२ तास, पूर्ण उपचाराच्या मात्रेला २४ तास. म्हणून कळा सुरू झाल्याची शंका आली की पुढचं इंजेक्शन टोचायच्या आधी फोन करायचा.

सावलीतलं_ऊन यांच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. लाल, कडक, दुखऱ्या शिरेवर चोळायचं नाही. कधीच नाही.

आता अपवाद. पहिला त्यांनीच सांगितला : वरवरची गुठळी खोल शिरेच्या तोंडाशी येणं. तिथून साधारण ३ सेंटिमीटरच्या आत आली की तिला खोल शिरेतल्या गुठळीइतकंच गंभीर धरतात आणि पूर्ण मात्रेत उपचार करतात. शीर बांधायचा विचार त्यातही क्वचितच, इंजेक्शनं देता येत नसतील किंवा पुरी पडत नसतील तर. दुसरा, शीर फुटून रक्तस्राव होणं. तिथे बहुतेकदा एखादा टाका पुरतो. यापलीकडे गरोदरपणात मी शिरेला हात लावत नाही.

ओलीमाती

शीर फुटण्याबद्दल : माझ्या मोठ्या जावेची फुटली होती, न्हाणीघरात, घोट्याजवळची. आठवा महिना. दुखलं अजिबात नाही, खाली बघितलं तर फरशी लाल. ती उभीच राहिली, घाबरून भिंत धरून, आणि उभं राहिल्याने रक्त जास्तच येत राहिलं. घरच्यांनी वर घट्ट रुमाल बांधला, तरी थांबेना.

टाकेवाला

हे सगळ्यांनी वाचून ठेवा. खाली आडवं व्हायचं, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर उचलायचा, आणि जिथून रक्त येतंय नेमकं तिथेच स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं. दहा-पंधरा मिनिटं, मध्ये मध्ये उचलून न बघता. वर आवळून बांधायचं नाही. हे रक्त वरून खाली उलटं येत असतं आणि पाय वर केला की त्याचा जोरच संपतो. सैलसर आवळलं तर उलट शिरा भरतात. दिवस भरत आलेले असतील तर आडवं होताना डाव्या कुशीला थोडं कलतं. मग दवाखान्यात. थांबलं तरी दाखवायचंच.

ओलीमाती

जावेला छापून देते. शेवटी थांबलं होतं तिचं, दवाखान्यात एक टाका पडला. बाळंतपणानंतर वर्षाच्या आत तिने लेझर करून घेतलं.

पाटीपेन्सिल

अवांतर शंका. शीर बंदच करून टाकली तर पायातलं रक्त वर जाणार कुठून? आणि पुढे हृदयाच्या बायपासला पायाचीच शीर घेतात ना? ती आधीच घालवून बसलो तर?

आजोबा_ऑनलाइन

माझी घेतली आहे, डाव्या पायाची. पाय व्यवस्थित आहे, रोज फिरायला जातो.

टाकेवाला

पायातलं साधारण ९० टक्के रक्त खोल शिरांमधूनच वर जातं. त्या शाबूत असतील तर वरवरची बिघडलेली शीर बंद केल्याने वाहतूक अडत नाही, उलट सुरळीत होते. म्हणूनच उपचाराआधी खोल शिरा मोकळ्या आहेत ना ते बघतात. आणि फुगून वेडीवाकडी झालेली शीर बायपासला सहसा कामाची नसते. आजोबांची चांगली होती म्हणून घेतली.

रानजाई

डाव्याच पायाला का होतं सगळ्यांना? चांदणवेलचा डावा, माझा डावा, माझ्या बहिणीचाही.

टाकेवाला

सगळ्यांना नाही, पण गरोदरपणात डाव्या बाजूचा ओढा जास्त खरा. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूला जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते, तिथे ती आधीच थोडी दबलेली असते. त्यावर गर्भाशय. गरोदरपणातल्या खोल शिरेच्या गुठळ्याही बहुतांशी डाव्या पायात होतात. म्हणून डावा पाय एकदम, एकटाच सुजला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली, तर "शिरांचंच असेल" म्हणून घरी बसू नका. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हा तर कुणाचं पायांकडे लक्षही नसतं.

सूज पायांबरोबर चेहऱ्यावर, हातांवर आली, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ते शिरांचं नव्हे. रक्तदाब तपासा, त्याच दिवशी.

चांदणवेल

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आज तपासणी होती, चिठ्ठी लिहूनच गेले होते.

तर ठरलंय असं : आत्ता ऑपरेशन नाही. पहिल्या वर्गाचे मांडीपर्यंतचे मोजे. नाडी बघून दिलेत. निनावीने लिहिलेलं मलाही आहे, थोड्या प्रमाणात, पट्टा सांगितलाय. मोजे घालूनही खाज राहिली तर कातडी पुन्हा दाखवायची. सध्या हेपॅरिन नाही, पण प्रसूतीच्या वेळी धोका नव्याने मोजून ठरवतील, सिझेरियन झालं तर गणित बदलतं म्हणे. आणि स्पष्टवक्ती, तुझं ऐकून तिथल्या तिथे विचारलं : "नंतर" म्हणजे कधी? बाई हसल्या आणि माझ्या फाइलवर बाळंतपणानंतरच्या चौथ्या महिन्यातलं डॉपलर लिहून दिलं, उभं राहून असंही लिहिलं.

स्पष्टवक्ती

आता त्या महिन्यात मी या धाग्यावर येऊन विचारणार आहे. माझं स्वतःचं मागच्या वर्षी करून घेतलं, तपकिरी डाग तसाच आहे, तो जात नाही म्हणतात. ठणका गेला.

मुक्कामपोस्ट

मीपण विचारलं. माझ्या डॉक्टरांनी "बघू" म्हटलं. मी म्हटलं, कधी बघू? दिली तारीख.

कापूसकोंड्या

मोजा चढला! हातमोज्यांचा सल्ला देणाऱ्या ताईंचा विजय असो. आता रात्री काढायचा कसा?

पाटीपेन्सिल

बसून, वरून दुमडत न आणता सोलल्यासारखा उलटा काढा. आणि तिला वाकू देऊ नका, तुम्ही काढा.

चांदणवेल

शेवटचं एक. वहिनींना हा धागा दाखवला. त्या म्हणतायत, त्यांच्या लेझर केलेल्या पायावर वर्षभरानंतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा आल्यात, ते काय असेल?

टाकेवाला

मुख्य शीर बंद असतानाही तशा रेषा येऊ शकतात, बहुतेकदा दिसण्यापुरत्या असतात. तरी एकदा डॉपलर करून मुख्य शीर अजून बंद आहे ना ते बघून घ्यावं. बाकी त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.